कुलुपाची किल्ली

गेल्या वर्षीच्या भाद्रपदांतील गोष्ट. आमच्या बदनापुरांत शेतीच्या मोटारी आणि त्यांचे स्टार्टर दुरुस्त करणारा एक तरुण कारागीर आहे. एके दिवशीं सायंकाळीं तो पत्र्याची एक लहानशी पेटी बगलेंत मारून माझ्या घरीं आला. मी व्यवसायानें प्राध्यापक. मुलांना इंग्रजी शिकवावें, फावल्या वेळीं नीतिशास्त्रावरील चार ग्रंथ चाळावे, यापलीकडे माझी मजल नाहीं. विजेच्या पेटीचें माझ्यापाशीं काय काम, हें मला उमगेना. त्यानें पेटी मेजावर ठेविली, झांकण उघडलें, आंतील शेंगदाण्याएवढ्या एका काळ्या तुकड्यावर बोट ठेविलें आणि विचारलें, "सर, ह्याचं कुलूप फोडलं तर पाप लागंल का?"

दुसऱ्या कोणत्याही पेटीविषयीं हा प्रश्न आला असता तर मीं तो हसून वकिलाच्या दारीं पाठविला असता. परंतु ही पेटी ज्यानें बनविली तो माझा विद्यार्थी होता, आणि तें कुलूप घालण्याचा सल्ला त्याला मींच दिला होता.

पेटीचें काम वाचकांस थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मराठवाड्यांत पुष्कळ ठिकाणीं शेतीची वीज पाळीनें मिळते. कधीं दिवसा, कधीं रात्रीं. रात्रींच्या पाळींत विहिरीवर जाऊन मोटार चालू करावयाची म्हणजे अंधार, चिखल आणि विंचूकाटा. म्हणून घरबसल्या मोबाइलवरून मोटार चालू-बंद करतां येईल अशीं यंत्रें निघालीं. पुण्याचे श्री. संतोष ओस्तवाल यांचें 'नॅनो गणेश' हें या जातीचें नांवाजलेलें यंत्र. त्याखेरीज लहानमोठ्या कारखान्यांनीं अशीं पुष्कळ काढलीं. वीज आली, गेली, एखादी फेज तुटली, विहिरीचें पाणी आटलें, तर पेटी शेतकऱ्यास संदेश धाडते आणि मोटार जळण्यापूर्वीं ती बंद करते. हें सारें शहाणपण त्या काळ्या तुकड्यांत असतें. त्यास मायक्रोकंट्रोलर म्हणतात. हिशेब करणारें मस्तक, स्मरण ठेवणारी जागा आणि बाहेरच्या तारांशीं बोलण्याचीं द्वारें, हें सर्व एकाच चिपेंत असतें. आणि तिच्यांत जो प्रोग्राम वसविलेला असतो त्यास फर्मवेअर ही संज्ञा आहे. कोरी चिप बाजारांत थोडक्या रुपयांस मिळते. तिला शहाणें करणारा प्रोग्राम मात्र माझ्या विद्यार्थ्यानें दोन वर्षें खपून, शेताशेतांतून हिंडून, जळालेल्या मोटारींचीं कारणें शेतकऱ्यांस विचारून लिहिला होता.

२०१४ सालीं त्यानें पहिल्या पेट्या विकल्या तेव्हां त्यांस कुलूप नव्हतें. वर्ष उलटण्याच्या आंत तशाच पेट्या निम्म्या किंमतीस बाजारांत आल्या. त्या आपल्याच प्रोग्रामावर चालतात हें त्यानें कशावरून ओळखावें? त्याच्या प्रोग्रामांत 'मोटार बंद झालि' असा एक संदेश होता. शुद्धलेखनांत हा मुलगा पहिल्यापासून कच्चा. 'झाली'ची वेलांटी त्यानें ऱ्हस्व काढली होती. नव्या पेट्याही तीच ऱ्हस्व वेलांटी धाडीत. अर्थ न कळतां नक्कल करणारा गुणांबरोबर दोषही उचलतो. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हें ठरविण्यास पंडित लोक समान चुकाच शोधतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली तींत हस्तलिखितांचीं कुळें लावण्यास हा न्याय फार उपयोगीं पडला. माझ्या विद्यार्थ्यास त्या न्यायाचा उपयोग एवढाच झाला कीं आपण लुटले गेलों याची त्याला खात्री पटली.

तो रडकुंडीस येऊन माझ्याकडे आला. कुलूप घातलें तर गांवोगांवच्या दुरुस्तीवाल्यांची अडचण होईल, न घातलें तर आपलें दुकान बसेल, असा त्याचा पेंच होता. मीं फारसा विचार न करतां म्हटलें, "श्रम तुझे आहेत, कुलूप घाल."

हें कुलूप म्हणजे काय, तेंही पाहूं. चिपेंत एक-दोन बिट मुद्दाम राखून ठेविलेले असतात. ते पालटले कीं चिप आपलें काम पूर्ववत् करीत राहते, पण आंतील मजकूर बाहेरच्या यंत्रास वाचूं देत नाहीं. कुलूप काढूं गेल्यास आधीं सर्व मजकूर पुसला जातो. कांहीं चिपांत तर याहून कडक सोय आहे: तेथें एकदां कुलूप लागलें कीं ज्यानें लाविलें त्यालाही तें काढतां येत नाहीं. मनुष्यानें पुष्कळ प्रकारचीं कुलुपें केलीं, परंतु किल्ली मुळांतच नाहीं असें कुलूप ही अलीकडची कल्पना.

२०२१ च्या उन्हाळ्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, तो गेला. वय चाळिशीच्या आंत. मूळ प्रोग्राम त्याच्या संगणकांत होता. त्याचा संकेतशब्द कोणास ठाऊक नव्हता आणि त्यावांचून आंतील मजकूर उलगडणारा नव्हता. शे-दोनशें पेट्या बदनापूर, भोकरदन, जाफराबाद या तालुक्यांत राबत राहिल्या. पुढें दरवर्षीं वळवाच्या विजा कडाडल्या कीं त्यांतील पांच-दहा बंद पडत. पेटींतील इतर कोणताही भाग आमचा कारागीर बदलूं शके. चिपही बदलूं शके, पण नवी चिप कोरी. तिला शिकविणारा राहिला नव्हता, आणि ज्या चालू पेट्यांना सर्व येत होतें त्या बोलत नव्हत्या. परदेशांत कांहीं दुकानें पैसे घेऊन अशा चिपा उघडून देतात, असें कारागिरास समजलें होतें. एक-दोन चालू पेट्या त्यांकडे धाडाव्या, मजकूर मिळवावा, आणि बंद पडलेल्या पेट्यांत तो भरावा, हा त्याचा बेत. तेवढ्यासाठीं तो पापपुण्य विचारीत आला होता.

त्यानें 'गुन्हा' असा शब्द वापरला नाहीं, 'पाप' म्हटलें, हें माझ्या लक्षांत राहिलें. दोहोंचा विचार निराळा करावा लागतो.

नक्कल करणें म्हणजे चोरी, असें आपण सहज बोलून जातों. परंतु शब्द उसना आहे. माझा बैल कोणीं नेला तर माझ्या दावणीला बैल राहत नाहीं. माझा प्रोग्राम कोणीं उतरवून घेतला तर तो माझ्यापाशीं होता तसाच राहतो. विद्या दिल्यानें वाढते असें आपण मुलांना शिकवितों, आणि तें खोटें नाहीं. आपल्या देशानें तर या बाबतींत फार सोवळें राहूं नये. १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधद्रव्यांवरील पेटंट नाकारलें, तें २००५ पर्यंत. त्या अवधींत आपल्या कारखानदारांनीं परक्यांचीं औषधें निराळ्या रीतीनें बनवून स्वस्तांत विकलीं, आणि लाखों घरांतील दुखणीं त्यावर बरीं झालीं. त्या वेळीं आपणांपैकीं कोणास पापाची आठवण झाली नव्हती.

मग माझ्या विद्यार्थ्याचें गेलें काय? एक तर त्याच्या दोन वर्षांच्या श्रमांचा मोबदला गेला. नक्कल करणाऱ्यास शेतोशेतीं हिंडावें लागलें नव्हतें, म्हणून त्याला निम्म्या किंमतींत परवडलें. ज्यानें हिंडण्याचा खर्च केला त्याला परवडेना. असें सर्वत्र झालें तर पुढें हिंडेल कोण, हा प्रश्न खरा आहे. परंतु त्याचें दुसरें एक नुकसान झालें, आणि मला तें अधिक वाटतें. नकली पेट्यांत रिले हलक्या प्रतीचे होते. ते चिकटून बसत, मोटारी जळत, आणि संदेश तोच, वेलांटीही तीच, म्हणून शेतकरी शिव्या देत ते माझ्या विद्यार्थ्याला. येथें नक्कल प्रोग्रामाची नव्हती, त्याच्या शब्दाची होती. पहिल्या नुकसानीविषयीं विचारी माणसांत दोन मतें असूं शकतात. दुसऱ्याविषयीं असूं नयेत.

म्हणून 'कुलूप घाल' हा माझा सल्ला मुळांत चुकला असें मला आजही वाटत नाहीं. सर्व ज्ञान मोकळें असावें असें सांगणारे थोर लोक आहेत. त्यांच्या औदार्याविषयीं मला आदर आहे. परंतु मोकळेपणाचा उपदेश करणें माझ्यासारख्या पगारदारास सोपें असतें. माझा पगार महिन्याच्या महिन्यास सरकारी तिजोरींतून येतो, मग माझें व्याख्यान कोणीं उतरवून घेवो न घेवो. त्या मुलाचा पगार पेटींतून निघे.

याच विचारांत असतां एके दिवशीं मी आमच्या येथील कृषिसंशोधन केंद्राच्या शेतांकडे फिरावयास गेलों. तूर पोटऱ्यांइतकी वाढली होती. हें केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचें आहे, आणि गेल्या कित्येक वर्षांत येथून तुरीचे जे वाण निघाले ते मराठवाड्याच्या घराघरांत शिजतात. 'बीडीएन' हीं अक्षरें बदनापूरचींच. 'बीडीएन ७११' ही पांढरी, लवकर येणारी. 'बीडीएन ७१६' ही लाल. आणि 'बीएसएमआर ७३६' ही मर व वांझ या दोन्ही रोगांस दाद न देणारी. त्या बांधावर उभें राहून माझ्या मनांत आलें कीं बियाणें म्हणजे निसर्गाच्या हातचें फर्मवेअरच आहे. केव्हां उगवावें, केव्हां फुलावें, कोणत्या रोगास दार लावावें, या सर्व आज्ञा एका दाण्यांत वसविलेल्या. आणि हा प्रोग्राम असा विलक्षण कीं तो आपली नक्कल आपणच करतो, तीही एकाची शेंकड्यांनीं.

बदनापूरच्या तुरीला कुलूप नाहीं. शेतकऱ्यानें एकदां थैलीभर बियाणें आणलें कीं पुढल्या सालीं तो घरचें पेरतो, मेहुण्यास देतो, शेजाऱ्याशीं बदलून घेतो. मधमाशा परागांची थोडी सरमिसळ करतात, त्यामुळें कांहीं वर्षांनीं शुद्ध बियाणें पुन्हां आणावें लागतें, एवढेंच. आपला वाण गांवोगांव उतरविला गेला असें ऐकलें कीं तो काढणाऱ्या शास्त्रज्ञास राग येत नाहीं, त्याचें चीज झालें असें त्याला वाटतें. हा त्याच्या मनाचा मोठेपणा असेलही. परंतु त्याच्या श्रमांचें वेतन लोकांनीं आधींच चुकतें केलेलें असतें, हें त्याचें मुख्य कारण. ज्याची मजुरी आगाऊ मिळाली त्यानें दाराला कुलूप कशास लावावें?

येथून वीसेक किलोमीटरांवर जालना. तेथें १९६४ सालीं कै. बद्रीनारायण बारवाले यांनीं 'महिको' ही बियाण्यांची कंपनी काढली आणि पुढें तें शहर संकरित बियाण्यांचें माहेरघर झालें. संकरित बियाण्याला कोणी कुलूप घालीत नाहीं, पण तें असतेंच. दोन निराळ्या वंशांच्या संयोगांतून आलेला जोम पहिल्या पिढींत भरभरून दिसतो. त्या पिकाचेंच बीं धरून पेरलें तर दुसऱ्या पिढींत गुण पांगतात आणि पीक ओबडधोबड येतें. मूळ आईबापांचे वंश ज्याच्या हातीं, त्याच्याच हातीं किल्ली. शेतकऱ्यास दरसाल दुकानाची पायरी चढावी लागते. जालन्याची भरभराट या एका गोष्टीवर उभी आहे असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. तरी त्यांत मला फसवणूक दिसत नाहीं. जोम हवा असेल त्यानें पैसे मोजावे, नको असेल त्याला घरची जुनी ज्वारी मोकळी आहे, आणि पेरलेलें बीं दुसऱ्या वर्षीं उगवतें तरी.

तें उगवूंच नये, ही कल्पनाही माणसाला सुचली. मार्च १९९८ मध्यें अमेरिकेंत, तेथील कृषिखातें आणि कापसाच्या बियाण्याची एक कंपनी यांना मिळून एक पेटंट मिळालें. त्या युक्तीनें पिकाचें बीं दिसण्यांत टपोरें, खाण्यांत चांगलें, पण पेरल्यास वांझ निघावयाचें. लोकांनीं तिचें नांव 'टर्मिनेटर' ठेविलें. पुढें इतका गवगवा झाला कीं १९९९ सालीं मोन्सँटो कंपनीनें ती बाजारांत न आणण्याचें जाहीर केलें. योगायोग असा, कीं त्याच १९९८ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेनें दुसरा एक कायदा केला, त्यानें प्रोग्राम, पुस्तकें, संगीत यांवर घातलेलें डिजिटल कुलूप फोडणें हाच गुन्हा ठरला. बियाण्याच्या कुलुपाविरुद्ध जग उठलें. चिपेच्या कुलुपाविषयीं सामान्य माणसाला कळलेंही नाहीं. (बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तोही १९९८ सालींच. बियाण्याच्या इतिहासांत तें वर्ष मोठें गजबजलेलें दिसतें.)

आपल्या संसदेनें २००१ सालीं पिकांच्या वाणांचें व शेतकऱ्यांच्या हक्कांचें रक्षण करणारा कायदा केला. तो मीं या निमित्तानें मुद्दाम मिळवून वाचला, आणि वकील नसूनही त्याच्या प्रेमांत पडलों. नवा वाण काढणाऱ्यास त्यानें हक्क दिला, पण मुदतीचा: सामान्य पिकांस पंधरा वर्षें, वृक्ष व वेलींस अठरा. शेतकऱ्यास घरचें बीं राखण्याचा, पुन्हां पेरण्याचा, देण्याघेण्याचा, इतकेंच नव्हे तर विकण्याचाही हक्क दिला. फक्त नोंदलेल्या वाणाचें बियाणें छाप मारून त्यानें विकूं नये. म्हणजे मीं वर जे दोन प्रकार वेगळे केले, नक्कल आणि नांवाची नक्कल, तेच तेथें वेगळे केलेले आहेत. वाण नोंदविणाऱ्यास, यांत टर्मिनेटरची कळ नाहीं, असें प्रतिज्ञापत्र द्यावें लागतें. आणि शेवटीं एक साधें कलम आहे, त्याची कोणी फारशी वाखाणणी करीत नाहीं: नोंदलेल्या वाणाचें बियाणें, आईबापांच्या वंशांसकट, राष्ट्रीय जीन-पेढींत ठेव म्हणून दिलें पाहिजे. धंदा बुडो, मालक मरो, वाण मरत नाहीं.

हें कलम वाचलें आणि मला माझा सल्ला आठवला. 'कुलूप घाल' एवढेंच मीं म्हटलें होतें. किल्ली कोणापाशीं ठेवशील, हें विचारलें नव्हतें. विचारलें असतें तर त्यानें बंद लखोट्यांत घालून ती बायकोपाशीं, बँकेंत, किंवा खुद्द माझ्यापाशीं ठेविली असती. मला हें सुचूं नये याचें नवल वाटतें, कारण या देशाला या दुःखाची ओळख फार जुनी आहे. पुष्कळ उस्ताद खास चीजा हातच्या राखीत, मुलाला देत, क्वचित् जांवयाला. आणि मुलगा नसला, शिष्यावर मर्जी नसली, तर चीज त्यांच्याबरोबर मातींत जाई. पंडित विष्णु नारायण भातखंडे गांवोगांव फिरून, आर्जवें करून चीजा मिळवीत व 'क्रमिक पुस्तकमालिके'चे भाग छापीत, त्यांतील तळमळ हीच होती. त्या उस्तादांना आपण कृपण म्हणतों, आणि तें बरोबर नव्हे. प्रतिस्पर्ध्यापासून चीज लपविणें हा त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. दोष असलाच तर शेवटच्या आजारांत कोणाला जवळ बोलावलें नाहीं, हा. माझ्या विद्यार्थ्याला तेवढा आजारही मिळाला नाहीं; दहा दिवसांत आटोपलें.

आतां कायदा प्रोग्रामाविषयीं काय म्हणतो तें पाहूं, कारण तेथें मोठी मौज आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें प्रोग्राम ही 'साहित्यकृति' होय. ज्याच्या शुद्धलेखनाला मीं कधीं पांचांपैकीं दोनांहून अधिक गुण दिले नाहींत, तो कायद्याच्या दृष्टीनें साहित्यिक होता! साहित्यिकाचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षें चालतो. म्हणजे त्या प्रोग्रामावर त्याच्या वारसांची मालकी २०८१ च्या अखेरपर्यंत. चिपेंत मजकूर राहतो तो विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपानें, आणि पुष्कळ कारखानदार तापलेल्या जागीं तो सुमारें वीस वर्षें टिकेल अशी ग्वाही देतात. पत्र्याच्या पेटींत, मराठवाड्याच्या उन्हांत, हक्क शिल्लक राहील आणि वस्तु विरून जाईल. वाणाचा हक्क पंधरा वर्षांनीं सरतो, पेटंट वीस वर्षांनीं आणि तेंही कृति उघड सांगण्याच्या अटीवर. चिपेच्या कुलुपास मुदत नाहीं, अट नाहीं, आणि तें घालतांना कोणाची परवानगी लागत नाहीं.

उलट त्याच कायद्याच्या बावन्नाव्या कलमांत लिहिलें आहे कीं, ज्याच्यापाशीं प्रोग्रामाची प्रत रीतसर आलेली आहे, त्याला ज्या कामासाठीं ती दिली गेली त्या कामासाठीं तिची नक्कल करतां येईल, आणि प्रत बिघडेल या भीतीनें राखीव नक्कलही ठेवतां येईल. म्हणजे पेटी विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला हा हक्क आहे. कायदा देतो, आणि चिपेंतील एक बिट तो परत घेतो! २०१२ सालीं कुलूप फोडण्याविरुद्धचें कलम आपल्याकडेही आलें, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण तें लागू होतें कॉपीराइटचा हक्क मोडण्याच्या हेतूनें फोडणाऱ्याला. ज्या कामास कायद्याची मनाई नाहीं त्यासाठीं कुलूप उघडण्यास दुसऱ्यानें मदत केली तर त्यानें, ती कोणासाठीं व कशासाठीं केली, याची नांवपत्त्यासह पूर्ण नोंद ठेवावी, असें तेथें सांगितलें आहे. कायदे करणाऱ्यांना आमच्या कारागिराचें चित्र दिसलें असावें असें क्षणभर वाटतें. २०२२ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें 'दुरुस्तीच्या हक्का'साठीं एक संकेतस्थळ उघडलें आणि त्यांत शेतीच्या यंत्रांनाही जागा दिली, हीही त्याच दिशेची गोष्ट. पण दुरुस्ती कोणाकडून मागावयाची, जेथें कारखानदारच उरला नाहीं?

तेव्हां गुन्ह्याचें उत्तर एका परीनें मिळालें. पापाचें राहिलें. शेतकऱ्यांपाशीं वस्तु आहे, मालकी नाहीं. त्या मुलाच्या विधवेपाशीं मालकी आहे, वस्तु नाहीं. एकदां मजकूर हातीं आला कीं कारागिरानें हव्या तितक्या नव्या पेट्या कराव्या, कोण पाहणार? आणि ज्या परदेशी दुकानाकडे जावयाचें तशाच दुकानांच्या जोरावर नकला करणारे जगतात. केंब्रिजच्या दोघां संशोधकांनीं २००२ सालीं दाखवून दिलें होतें कीं तीस डॉलरांस घेतलेला छायाचित्रकाराचा जुना झगमगता दिवा आणि एक सूक्ष्मदर्शक यांच्या साह्यानें एका प्रसिद्ध चिपेच्या आंतील बिट पालटतां येतात. म्हणजे धूर्त माणसाला हें कुलूप कधींच फार जड नव्हतें. अडला होता तो बदनापूरचा कारागीर, कारण तो आधीं विचारावयास आला.

मीं त्याला सांगितलें, "ज्यांचा हक्क आहे त्यांना विचारल्याशिवाय हात लावूं नकोस. आणि विचारतांना सगळें सांग, दुकानाचं सुद्धां."

आम्ही दोघे मिळून तिच्याकडे गेलों. ती आतां एका शाळेंत नोकरी करते. तिनें सर्व शांतपणें ऐकून घेतलें. नव्या पेट्यांविषयीं कारागिरानें आपण होऊनच बोलणें काढलें: ज्या पेट्या शेतांत आहेत त्याच दुरुस्त करीन, नवीन करावयाची वेळ आली तर प्रत्येक पेटीमागें ठरेल तें तुमच्याकडे आणून देईन. तिनें माझ्याकडे पाहिलें. मला वाटलें, पैशाविषयीं विचारील. तिनें विचारलें, "सर, तुम्हींच त्यांना कुलूप लावायला सांगितलं होतं ना? ते म्हणायचे." मीं होय म्हटलें. तिनें पुढें कांहीं विचारलें नाहीं, आणि होकार दिला.

पहिली चिप आम्लांत जळाली. दुसरींतून मजकूर मिळाला. खर्च अकरा शेतकऱ्यांनीं वर्गणी काढून दिला. मजकूर हातीं आला तो केवळ आंकड्यांचा. त्या मुलानें शेजारीं स्वतःसाठीं ज्या टिपा लिहिल्या असतील त्या चिपेंत कधीं नव्हत्याच, त्या संगणकांतच राहिल्या. त्यामुळें प्रोग्राम चालतो, पण त्यांत सुधारणा करणें जवळजवळ अशक्य. एक गोष्ट मात्र कारागिराला आंकड्यांत सांपडली. तो मोबाइलवर ती जागा दाखवीत म्हणाला, "सर, हे 'झालि' हाय बघा. एक आकडा बदलला का 'झाली' होतंय. करू का?" मी भाषेचा शिक्षक, तोंडापर्यंत उत्तर आलें होतें. पण मीं म्हटलें, तेंही त्यांनाच विचार. तिनें राहूं द्या म्हणून सांगितलें.

कारागिरानें दुकानांतून शंभर पानी एक वही आणली आहे. तींत शेतकऱ्याचें नांव, गांव, गट क्रमांक, पेटी कधीं घेतली, कधीं बिघडली, हें तो आपल्या वेड्यावांकड्या अक्षरांत लिहितो आणि पुढें अंगठा किंवा सही घेतो. पहिल्या पानावर त्यानें माझ्या विद्यार्थ्याचें नांव घातलें आहे. मजकुराची एक प्रत विधवेपाशीं लखोट्यांत बंद करून ठेविली, दुसरी माझ्या कपाटांत आहे. परवां मीं वही चाळली तेव्हां तींत सतरा नांवें झालीं होतीं. अठरावा शेतकरी जाफराबादकडून पेटी घेऊन आला होता, आणि ती पेटी नकली निघाली. तिच्यांतही तोच प्रोग्राम, तीच वेलांटी. ती दुरुस्त करून द्यावी कीं नाहीं, हें विचारण्यास कारागीर रविवारीं माझ्याकडे येणार आहे. शेतकऱ्यानें ती खरी समजूनच घेतली होती, आणि त्याचा हरभरा पाण्यावांचून उभा आहे.